आज कसला वास?

सखूने शर्ट पुन्हा नाकाला लावला. कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या, खिसा उलटा करून पाहिला. नुसता घाम.

बावीस वर्षं हा शर्टच तिला सगळं सांगत आला होता. नवरा, हरिचंद्र, बदलापूरच्या एमआयडीसीत, खाण्यात घालायचे वास बनवणाऱ्या कंपनीत. केळ्याचं काम असलं की शर्टाला केळं, अननसाचं असलं की अननस. शेजारची श्रद्धा रोज संध्याकाळी कुंपणावरून विचारायची, "वहिनी, आज कसला वास?" अख्ख्या आळीची करमणूक होती ती.

मस्क्याचा वास मात्र सखूला नकोसा झाला होता. बिस्किटाच्या पिठात थेंबभर पडला तर चव येते म्हणे. पण पिंपं ओतताना त्याची वाफ रोज छातीत गेली, तर छाती कायमची कामातून जाते. हरिचंद्राच्या जोडीदाराची, बाळाची, तशीच गेली. चाळिशीचा गडी, आता जिना चढताना दोनदा बसतो.

म्हणून महिन्यापूर्वी हरिचंद्र साहेबांसमोर उभा राहिला. "वाफ ओढणारा एक्झॉस्ट बसवा, चांगले मास्क द्या. नायतर मस्का ओतणार नाय." साहेब म्हणाले, "मग घरी बसायची तयारी ठेव." तेव्हापासून सखू धास्तावलेलीच होती. शर्टाला केळं आलं की हायसं वाटायचं, चला, नोकरी शाबूत आहे.

आणि आज शर्ट कोरा. बसवलंच म्हणायचं घरी. डबा घेऊन दिवसभर कुठे बसला असेल बिचारा, बारवी धरणाच्या रस्त्याला?

हरिचंद्र आंघोळ करून आला. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"खरं सांगा," सखू म्हणाली. "आज कामावर गेलाच नाय ना तुम्ही? शर्टाला घामाबिगर वास नाय."

"नीट हुंगलंस?"

"तीनदा."

हरिचंद्राने मोठा श्वास सोडला. "माझं नाक मेलंय गो. मला मस्का कळतच नाय आता. काल एक्झॉस्ट बसला. साहेब वाफ मोजायच्या मशीनवरचा आकडा दाखवून म्हणाले, आता तरी खूश? मी म्हटलं, आकडा बरोबर असेल साहेब, पण आमच्या घरची पास करेल तेव्हा खरं." तो हसला. "आज अकरा पिंपं मस्का ओतला, सखू."

"मग आल्या आल्या सांगायला काय झालं होतं? जीव जायचा राहिला माझा."

"सांगितलं असतं तर तू माझ्या बाजूनं हुंगलं असतंस."

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आलीच. "वहिनी, आज कसला वास?"

सखू शर्ट घेऊन दारात गेली. चार घरांना ऐकू जाईल अशी बोलली.

"घामाचा. माझ्या नवऱ्याच्या घामाचा."