पडलेल्या शाळेचा अहवाल

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाई रोजा धरूनच पडलेल्या शाळेची तपासणी करायला गेल्या. काँक्रीटचा तुकडा चिमटीत धरला तर त्याचा भुगा झाला. शेजारचा जुना दवाखाना मात्र तडाही न जाता उभा होता. शाळा बांधणारा ठेकेदार तसबीहचे मणी ओढत मागेमागेच होता.

“मॅडम, कारण ‘अल्लाहची मर्जी’ एवढंच लिहा. शाळा भुईसपाट झाली, पण एका पोराला खरचटलं नाही. रमजान म्हणून एकला सुट्टी झाली आणि दीडला भूकंप! ही त्याचीच करणी.”

“अगदी खरं,” कारणाच्या रकान्यात ‘निकृष्ट बांधकाम’ लिहीत बाई म्हणाल्या. “शेजारच्या जुन्या दवाखान्यातली माणसं त्यानं आतच राहू दिली. तुमच्या इमारतीतली तेवढी आधी बाहेर काढली.”