तीन जिवांचा बैल

तान्ह्या पोळ्यात सिंदीतली सगळी पोरं चाकांवरचे लाकडी बैल घेऊन रांगेत उभी होती. माझी भाची कमला चाकांवरचा चौकोनी माणूस घेऊन उभी होती. चूक माझी. नागपूरला व्हिडिओ गेम पाहून आलो आणि बैल कोरायला बसलो, तर हातून त्या गेममधला माझा लाडका गडीच घडला.

बैल नसेल त्याला रांगेबाहेर काढायला अण्णाजी आले. त्यांचा बैल चांद्या आठवड्यापूर्वी साप चावून मेला होता. कालच्या मोठ्या पोळ्यात ते नुसता कासरा धरून उभे होते.

“काऊन रे, याची शिंगं कुठं हायेत?”

“शिंगं नाईत, अण्णाजी. पण याले तीन जीव हायेत. मेला का पुन्हा उठते.”

कमला रडायच्या बेतात होती. अण्णाजी त्या चौकोनी डोक्याकडे बघत राहिले.

“कोनं बनवला असा?”

“कोरला म्या, पण गेममधला हा गडी जपानातल्या कोन्या मानसानं बनवला.”

“त्याचाबी बैल मेला असन.”

मग त्यांनी खिशातून चांद्याची घंटी काढली, चौकोनी गळ्यात बांधली आणि कमलाला रांगेत सगळ्यात पुढं नेलं.

“इथं उभी राय, बाई. हा उठला का मले ऐकू आलं पायजे.”