शुक्रवारचं नाव

"आत्ता पळालात तर जीव तरी वाचेल," असं सांगून सगळे थकले, पण सुलतान यारुक ऐकेल तर शपथ! तो सरळ मशिदीकडे निघाला. पुतण्या तोगान फौज घेऊन नदीपल्याड येऊन बसला होता, हे खरं. पण कुमुशकंदच्या मशिदीत शुक्रवारी ज्याच्या नावानं दुआ होते तो सुलतान, हेही तितकंच खरं. घोडेस्वारांचा सरदार बायदर सकाळीच तोंडावर बोलला होता, "आज नाव तुमचं आलं, तर आमच्या तलवारी तुमच्या. दुसऱ्याचं आलं आणि तुम्ही ते मानलंत, तर मग आम्हाला बोल लावू नका."

आणि नाव घेणार कोण, तर सदीद! यारुकचा दूधभाऊ. सदीदच्या आईनं दोघांनाही अंगावर पाजलं होतं. यारुकनं तख्तावर बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते शुक्रवारचं प्रवचन नि दुआ सांगायला याला खतीब करण्याचं.

हौदापाशी दोघं शेजारी शेजारी हातपाय धुवायला बसले. पाणी असं गार की बोटं वाकेनात.

"काय रे, दाढीला मेंदी? नवरदेव दिसतोयस."

"तुझी काळजी करून पांढरी झाली, मग लावू नको तर काय करू!" सदीद हसला. पण नजर पाण्यातच.

"आज मोकळ्या गळ्यानं घे नाव. पार जोडे काढतात तिथवर ऐकू गेलं पाहिजे."

"जाईल."

यारुकला बरं वाटलं. त्यानं दूधभावाच्या पाठीत ओल्या हातानंच धपाटा घातला आणि उठला.

मशिदीत मुंगी शिरायला जागा नव्हती. लोकरीचे नमदे करणारे, खाटीक, कालव्यावरचे लोक, झाडून सगळे आले होते. बायदर आपल्या माणसांना घेऊन खांबाशी बसला होता. सदीद प्रवचनाच्या उंच मिंबराच्या पायऱ्या चढला. अल्लाची स्तुती झाली, पैगंबरांचं स्मरण झालं. मग त्यानं दुआसाठी हात उचलले, तसे सगळ्यांनी उचलले.

"दीनाचा आधार, दुबळ्यांची सावली, नदीच्या दोन्ही तीरांचा धनी..."

ही बिरुदं यारुकची. कालव्याला पाणी आलं त्या साली सदीदनंच ती रचली होती. यारुकनं डोळे मिटले. ऊर भरून आला त्याचा. ऐका म्हणावं लेको, कान उघडे ठेवून ऐका!

"...सुलतान तोगान. अल्ला त्याला उदंड आयुष्य देवो."

मशीद चिडीचूप झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही. कुमुशकंदची रीत अशी, की या दुआला पहिलं आमीन सुलतानानं म्हणायचं आणि मग गावानं. यारुकनं तख्तावर बसल्यापासून ते न चुकता म्हटलेलं. नाव कानातून काळजापर्यंत पोचायच्या आत जिभेनं आपलं काम उरकलं.

"आमीन!" यारुक म्हणाला. चांगलं खणखणीत.

सगळ्या मशिदीनं कोंडलेला श्वास सोडला. "आमीन!"

यारुकनं खाडकन डोळे उघडले. पुढं नमाजात तो कधी वाकला, कधी उठला, त्याचं त्यालाच कळलं नाही. संपल्याबरोबर त्यानं सदीदची बाही धरली.

"सद्या, काय केलंस हे? एका आईचं दूध प्यालो रे आपण!"

"माझी दोन्ही पोरं तोगानच्या छावणीत धरून ठेवलीत," सदीद पुटपुटला.

"मग मला सांगायचंस! तुझ्या पोरांसाठी मी तख्त सोडलं नसतं?"

"नसतंस सोडलं," सदीद म्हणाला आणि त्यानं हळूच बाही सोडवून घेतली.

हे मात्र यारुकच्या फार जिव्हारी लागलं. तो गर्रकन वळला. लोक जोडे शोधत होते, त्याच्याकडे कुणी बघेना.

"बायदर! हा दगा आहे. मला हे नाव मान्य नाही!"

बायदर उंबऱ्याशी बूट चढवत होता. त्यानं मान वर केली. म्हातारा चिडलेला नव्हता, ओशाळलेला होता.

"हुजूर, नाव ऐकलं तेव्हा आम्हीही गप्पच होतो. मी तर उठायच्या बेतात होतो. तुमच्या तोंडाकडे बघत होतो," तो म्हणाला. "आमीन आधी तुम्ही म्हणालात."