डाव्या पडद्याची कडी

गाडीत कुणी नाही असंच सगळ्या माद्रिदला वाटायला हवं होतं. म्हणून नेरी आत अंग चोरून बसला होता, आणि डाव्या खिडकीचा कातडी पडदा त्यानं हातानं घट्ट धरून ठेवला होता. पडद्याची कडी तुटलेली. हात सुटला की पडदा फडाफडा उडणार, आणि मग झालंच कल्याण.

राजदूत गाव सोडून निघाला की बाकीचे राजदूत वेशीपर्यंत त्याच्यामागं आपापली गाडी पाठवतात. स्वतः जात नाहीत. माणसं घरी शेगडीपाशी चॉकलेट पीत बसतात, गाडी रिकामी जाऊन येते, आणि मान पोचला असं धरतात. दरबारी लोकांची सोय म्हणजे काय विचारता!

आज फ्लॉरेन्सचे राजदूत जिस्मोंदो निघाले होते. निघाले कसले, हाकललेच होते. तिकडे ड्यूकसाहेबांचा कारभारी बदलला आणि इकडे म्हातारा नकोसा झाला. त्यांच्या जागेवर तूर्त बसला होता त्यांचाच चिटणीस, हा नेरी. म्हाताऱ्यानंच त्याला फ्लॉरेन्सहून आणलं, आपल्याबरोबर जेवायला बसवलं, कुणापुढं टोपी किती उचलायची इथपासून सगळं शिकवलं. या परक्या गावात नेरीला दुसरं कुणी नव्हतं.

नव्या कारभाऱ्याचा पुतण्या ताद्देओ वकिलातीतच मुक्काम ठोकून होता. सकाळी चॉकलेटात बिस्किट बुडवत तो म्हणाला, "गाडी पाठव, रीत आहे. तू मात्र उंबरा ओलांडू नकोस. म्हाताऱ्याशेजारी दिसलास तर काका तुला कायम करायचे नाहीत. मग बस जाऊन बापाच्या दुकानात लोकर विकत."

"नाही दिसणार," नेरी म्हणाला.

आणि तबेल्यात जाऊन गाडीत शिरला. म्हातारा एकटा चाललाय हे त्याला बघवेना, आणि उघड सोबत जायची छाती होईना. गाडीवान ब्लासनं सगळं पाहिलं आणि खेचरं जुंपली.

ग्वादारामाच्या डोंगरावरून सुटलेला वारा हाडात शिरत होता. पडदा धरलेली बोटं आधी दुखली, मग दुखायचीही थांबली. बाहेर भाजलेले चेस्टनट विकणाऱ्या बाईचा आवाज आला, "अगं बाई, ही वरात म्हणायची का मयत? एकाही गाडीत कुत्रं नाही!"

"मोठ्यांचं असंच असतं, मावशी," कुणीतरी म्हणालं. "खेचरं तेवढी मनापासून आलीत."

सगळे हसले. नेरीला वाटलं, आत्ताच्या आत्ता उडी मारावी, पुढं धावत जावं, म्हातारा ज्या भाड्याच्या गाडीतून चालला होता तिच्यात त्याच्याशेजारी जाऊन बसावं. वाटलं तेवढंच. तो हलला नाही.

गावाच्या टोकाला, अल्कालाच्या वेशीशी गाड्या थांबल्या. जिस्मोंदो खाली उतरले. इथून पुढं कुणी येत नाही. निघणाऱ्यानं एकेका गाडीपाशी जायचं, टोपीला हात लावायचा, धन्यासाठी गाडीवानाकडे निरोप द्यायचा. गाडीवानानं धन्याच्या वतीनं मान लववायची. फ्रेंचांची गाडी झाली, व्हेनिसची झाली. त्यांच्या काठीचा आवाज जवळ जवळ येत गेला. शेवटची गाडी फ्लॉरेन्सची. गेल्या आठवड्यापर्यंत ती त्यांचीच होती.

"काय ब्लास?"

"जी, मालक." ब्लासनं जीभ चावली. मालक आता दुसरे होते.

"धाकट्या खेचराचा खूर कसा आहे?"

"उतार आहे. चालतंय आता."

"आणि या पडद्याची कडी? बसवली का रे?"

ब्लासनं लगाम उगाचच आवळून धरला. मग म्हणाला, "नाही, मालक. राहूनच गेलं बघा."

वाऱ्याचा मोठा झोत आला. वेशीवरचं निशाण फाडफाड वाजलं, धूळ उडाली, खेचरांनी माना फिरवल्या. पडदा तसाच, जागच्या जागी. नेरीनं श्वास रोखून धरला. पातळ कातड्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, म्हाताऱ्याचा दम लागलेला श्वास ऐकू येत होता.

बराच वेळ तो तिथंच ऐकू येत राहिला.

चिटणिसाच्या गाडीला टोपीच्या कडेला नुसतं बोट लावलं तरी पुरे, हे जिस्मोंदोंनीच नेरीला शिकवलं होतं. फटीतून नेरीला दिसलं: त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती, आणि पांढरे विरळ केस वाऱ्यावर उडत होते.

"धन्याला माझा निरोप सांग, ब्लास. म्हणावं, कडी आधी बसवून घे. जन्मभर हातानं धरून बसायचं म्हणजे हात भरून येतो."

"सांगतो, मालक."

काठीचा आवाज लांब गेला. भाड्याच्या गाडीचं दार लागलं. चाकं खडखडत वेशीबाहेर पडली आणि ऐकू येईनाशी झाली. बाकीच्या गाड्या वळून घराकडे निघाल्या. ब्लासनं मात्र गाडी हलवली नाही. थोड्या वेळानं त्यानं वरूनच हलक्या आवाजात सांगितलं,

"सोडा आता, साहेब. गेले ते. रस्त्यात कुणी नाही."

नेरीला सोडायचाच होता पडदा. बोटं उघडेनात.