चिंतामणरावांची मूठ

दर रविवारी सकाळी पोहे-जलेबी आटोपली की चिंतामणराव आणि त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, श्रेया व अर्पित, आठवड्यात पाहिलेल्या भुताच्या सिनेमाला मार्क देत. नक्कल नको म्हणून डोळे मिटायचे आणि जेवढी भीती वाटली तेवढी बोटं वर करायची, पाचपैकी.

चिंतामणराव कायम मूठ दाखवत. बायको गेल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटत नसे. त्यात भुतांचा काय दोष?

“लिफ्टमधली ती म्हातारी बघून माझी तर हालत खराब!” श्रेया म्हणाली.

“गुडघे दुखत असतील बिचारीचे,” चिंतामणराव म्हणाले.

“काकाजी, आज परत शून्य दिलं तर ग्रुपमधून छुट्टी,” अर्पितने दम दिला. “एक बोट तरी दाखवा यार.”

तिघांनी डोळे मिटले. आठवड्यात घरात बोलायला येणारी ही दोघंच. तरी खोटं काही दाखववेना. चिंतामणरावांनी मूठच वर धरली.

कुणीतरी हलकेच त्यांची करंगळी उघडली. मग शेजारचं बोट. पोरगी आपल्याला वाचवतेय असं वाटून त्यांनी बोटं सैल सोडली. पाचही उघडल्यावर त्यांनी डोळे किलकिले केले.

दोघंही टेबलापलीकडे होती. डोळे गच्च मिटलेले, हात वर.

चिंतामणराव मूठ मिटू लागले. मिटेना. त्यांच्या बोटांत कुणाची तरी बोटं गुंतलेली होती.