शालनची शेवटची नोंद

शालनचं मन शेवटच्या श्वासापर्यंत नोंदवलेलं होतं. त्यातली फक्त शेवटची नोंद घरच्यांना दुरुस्त करता यायची. जनार्दनने सकाळी त्या नोंदीतली चार मिनिटं काढून टाकली.

“अहो, चहा घेतलात का?” पडद्यावरून शालनने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. महिन्याभरात पहिल्यांदाच तो तिच्यासमोर बसला.

तेवढ्यात अकोल्याहून मुलीचा, रोहिणीचा फोन आला.

“बाबा, तुमच्याकडची आई माझ्याकडच्या आईशी जुळत नाही, असा संदेश आलाय. काय केलंत?”

तिच्याकडेही एक प्रत आहे, हे तो विसरलाच होता.

“काही नाही गं. जराशी दुरुस्ती.”

“शेवटी काय झालं, हे मी आईला कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. ती म्हणते, छातीत कळ आली तेव्हा तिने तुम्हाला सहा हाका मारल्या. तुम्ही मॅच बघत होतात. ‘नाटकं पुरे’ म्हणालात. खरंय?”

जनार्दनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मग तुमच्याकडच्या आईलाच द्या फोन. मी सांगते तिला.”

“रोहिणी आहे ना?” शालन हसत म्हणाली. “द्या की हो. पोटच्या पोरीला एवढं काय घाबरायचं?”