दोन पेले

पहिल्याच घोटाला नूर मोहम्मदने तोंड वाकडं केलं.

"आजही कडू."

"पाणी लय उकळलं असन," खुर्शीदा म्हणाली.

सिरोंचात कॉफी पिणारी घरं थोडी. नूर मोहम्मदला ती सवय वरंगलला, शिवणकाम शिकताना लागली होती. त्याने सगळं बदलून पाहिलं. बिया कमी भाजल्या, जाडसर दळल्या, चिकोरी मिसळणं बंद केलं. पितळी फिल्टर राखेने घासला. पाणी खळखळण्याआधीच उतरवलं. फिल्टरखाली उतरलेला अर्क चाखला, तर तो छान होता. पेल्यात मात्र कडूच.

मग एका सकाळी त्याला दाराच्या फटीतून दिसलं. खुर्शीदाने पदराच्या गाठीतून पुडी काढली, पांढरी पूड त्याच्या पेल्यात टाकून ढवळली. स्वतःच्या पेल्यात नाही.

तिचा पहिला नवरा झिजून झिजून गेला होता. निकाहाच्या वेळी लोक कुजबुजले, ते त्याने हसण्यावारी नेलं होतं. आता त्याचंही डोकं गरगरायचं, कानात घूं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ती पाठमोरी असताना त्याने पेले बदलले.

"असे काऊन पाहून राह्यले?" घोट घेत तिने विचारलं.

"काई नाई. कशी झाली?"

"मले तं कॉफी कडूच लागते. तुमच्यासंगं बसायले भेटते, म्हणून पेते."

तिने पेला रिकामा केला. तिला काही झालं नाही. पुढचे तीन दिवस त्याने पेले बदलले.

पाचव्या दिवशी ती पोट धरून चुलीपाशी आडवी झाली. कपाळ घामाने भिजलेलं. नूर मोहम्मदच्या मनात आलं, म्हणजे हे मरण आपल्यासाठी होतं. त्याने तिच्या पदराची गाठ सोडली, पुडी मुठीत घेतली आणि दवाखाना गाठला.

कंपाउंडर देवाजीने पुडी उघडून पाहिली.

"हे तं मीच देल्लं. कुनैन आहे, हिवतापाचं औषध; त्यानं डोकं गरगरते, कान वाजते. तापाच्या गोळ्या तुम्ही फेकून देता, म्हणून बिचारी कॉफीतून पाजते. पहिला नवरा असाच हिवतापानं गेला तिचा. रडत होती."

नूर मोहम्मद दाराकडे वळला.

देवाजी पुडी बांधत हसला. "तिनं अजून सांगतलं नसन तुमाले, पण चौथा महिना लागला आहे. मी बजावलं आहे तिले, पोट पाडते हे औषध, तू जिभेलेही लावू नको."